इतरांसारखा नसलेला देश

अमेरिका मी आजतागायत पाहिलेली नाही आणि आता पाहायची इच्छाही उरलेली नाही. तरी त्या देशाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. ते झालं शारजात, रोल्लाच्या बाजारपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. समोर अर्थात अमेरिका नव्हती. माझा स्वतःचा मुलगा होता, अकरावीतला, आणि तो तिची वकिली करत होता.

माझा स्वभाव तापट. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं माहेरी पुण्यात सगळे म्हणायचे आणि ते खरं आहे. मी शारजातल्या एका भारतीय शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. नवरा शांत. तो दुबईतल्या अल क्वोजमधल्या एका कंपनीत इंजिनीअर होता. इमारतींना आग विझवायची यंत्रणा बसवायची, छतात फवारे आणि तळघरात पंप, हे त्या कंपनीचं काम. त्याचा बॉस अमेरिकन होता, आणि या गोष्टीत तो पुढे येणार आहे म्हणून त्याचं आधीच सांगून ठेवते: माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला इतका राग आला नसता.

त्या ऑफिसात सगळं अमेरिकन नियमावलीप्रमाणे चालायचं. इमारत दुबईची, पाइप कोरियाचा, तो बसवणारा केरळचा नाहीतर पेशावरचा, पण नियम त्यांचे आणि मापंही त्यांची. अख्खं जग मीटर-लिटरमध्ये मोजतं, त्या ऑफिसातली ड्रॉइंगं फूट, इंच आणि गॅलनमध्ये. त्यात आणखी मजा अशी, की तेव्हा इथल्या पेट्रोल पंपावर मिळायचा तो गॅलन इंग्रजांचा, आणि बॉसचा गॅलन अमेरिकेचा, त्याहून लहान. गॅलनसुद्धा यांचा वेगळा! आमच्या ह्यांना प्रत्येक आकडा दोनदा फिरवून बघावा लागे. मी एकदा विचारलं, "अहो, तुमच्या बॉसला लिटर कळत नाहीत का?"

"कळतात गं. पण आपण कशाला बदलायचं, असं त्याचं म्हणणं."

"मग बाकीच्यांनी कशाला बदलायचं?"

"तू आता सुरू होऊ नकोस," हे म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मुलगा एकुलता एक, शारजात जन्मलेला. रोल्लाच्या चौकातल्या हिरवळीवर तो चालायला शिकला. दुकानदारांशी हिंदी, मित्रांशी इंग्रजी, टॅक्सीवाल्याशी मोडकं उर्दू, पोलीस दिसला की अरबीत सलाम, आणि माझ्याशी मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. पण त्याचा व्हिसा बापाच्या नावावर आणि बापाचा कंपनीच्या नावावर. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बापाच्या व्हिसावरून उतरणार. शिकत असेल तर जरा सवलत, नाहीतर नोकरी शोध किंवा देश सोड. खलास. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला हे नवव्या-दहाव्या वर्षीच ठाऊक असायचं. मुलं सायकली फिरवताना एकमेकांना विचारायची, "तू कुठे जाणार?" मोठं झाल्यावर काय होणार, हा प्रश्न त्यांच्यात फारसा नव्हताच.

पुणं होतं, नाही असं नाही. पण पुण्यात तो दर सुट्टीत पाहुणा. चुलत भावंडं त्याला चॉकलेटवाला म्हणायची, आणि त्याचं मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्या वर्षी शाळाशाळांमधल्या वादविवाद स्पर्धेत विषय आला: अमेरिका हा इतर देशांसारखा देश नाही. चिरंजीव विषयाच्या बाजूने बोलणार होते. रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तो टेबलापाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "आई, यू आर द ऑपोझिशन. बोल."

त्याचं म्हणणं असं. बाकीचे देश रक्तावर, भाषेवर, धर्मावर उभे राहिले. अमेरिका एका वचनावर उभी राहिली. समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या लोकांनी ठरवलं, की आपलं गाव टेकडीवरच्या गावासारखं असेल, साऱ्या जगाचे डोळे आपल्याकडे लागलेले असतील. तेव्हापासून तो देश स्वतःला एक जबाबदारी मानतो. आणि ज्याला ते वचन पटलं तो अमेरिकन, मग तो कुठूनही आलेला असो. "सो इट इज नॉट लाइक अदर कंट्रीज," असं म्हणून तो टेबलावर हात आपटायचा.

माझ्या मनात यायचं, बोटीतून उतरून जगाचे डोळे आपल्यावर आहेत असं म्हणायला अंगात केवढा माज लागतो! दुबईच्या खाडीवर लाँचमधून आपली किती माणसं उतरली. त्यांच्याकडे कोण बघत होतं?

"आणि तिथे आधीपासून राहणारे होते त्यांचं काय?" मी लाटणं त्याच्याकडे रोखून विचारलं. "त्यांना हे वचन दाखवलं होतं का मारण्याआधी? आणि साखळ्या घालून ज्यांना आणलं, त्यांना पटलं होतं का?"

"दॅट्स एग्झॅक्टली माय पॉइंट, आई! त्यांनी चुका केल्या, आणि मग स्वतःच्याच वचनाकडे बघून त्या सुधारल्या. विच अदर कंट्री डज दॅट?"

तव्यावरची पोळी करपली. या वादाला कुठून हात घालायचा तेच मला कळेना. चांगलं घडलं तर तो त्या देशाचा स्वभाव आणि वाईट घडलं तर तो अपघात. म्हणजे काहीही घडलं तरी देश थोरच. इंग्रजांबद्दल मी वर्गात असं शिकवलं असतं तर बाकावरची पोरं खिदळली असती. आपल्याकडे याला साधी म्हण आहे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही वृत्ती काही अमेरिकेने शोधून काढलेली नाही. प्रत्येक गल्लीत एक तरी बाई अशी असते. पण गल्लीतल्या बाईकडे विमानवाहू जहाजं नसतात. अमेरिकेची जेबेल अलीच्या बंदराला लागायची आणि त्यांचे खलाशी सुट्टीला बर दुबईच्या बाजारात टी-शर्टांची घासाघीस करत फिरायचे.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे प्रत्येक मुद्द्याचं उत्तर वहीत लिहून घेतलं. स्पर्धेत माझेच मुद्दे समोरच्या शाळेकडून आले आणि त्याने ते एकेक करून उडवले. चषक घेऊन आला.

मी चिडले, पण त्याच्यावर चिडता येईना. कारण मला दिसत होतं. ज्या मातीत जन्मला ती म्हणते तू पाहुणा. ज्या देशाचा पासपोर्ट तिथेही हा पाहुणा. आणि लांबवर कुठेतरी एक देश सांगतो, की आमच्याकडे मातीचा प्रश्नच येत नाही, तू फक्त विश्वास ठेव. पोर भाळणार नाही तर काय करणार? त्याच्या जागी मी असते तर मीही भाळले असते.

मुलगा बारावीत गेला आणि गणपतीत बॉस घरी आला. दरवर्षी यायचा. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. खिडक्या लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून टाळ्या हलक्या वाजवून आरती करायची. बॉस बूट काढून जमिनीवर बसायचा, उकडीचे मोदक आवडीने खायचा, ह्यांच्या पाठीवर थाप मारून "हबीबी" म्हणायचा. त्या वर्षी त्याने मुलाकडून अख्खं भाषण म्हणवून घेतलं. भाषण संपलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. तो म्हणाला, "पोरा, अमेरिकन माणूस जन्माने होत नाही. तू तर झालेलाच आहेस. फक्त कागद यायचा बाकी आहे."

माझा मुलगा कानापर्यंत लाल झाला. इतकं कुणी त्याला आजवर दिलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. हे मागोमाग आले. "अगं, हळू. तो कौतुक करतोय."

"कौतुक करतोय की अमेरिका वाटत सुटलाय? त्याच्या खिशातली वस्तू आहे का ती?"

"तुला कौतुकसुद्धा टोचतं," हे म्हणाले.

पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचे मनोरे पडले. त्या दिवशी आम्हीही रडलो. मुलगा तर रात्रीपर्यंत टीव्हीसमोरून हलला नाही. त्यात कुठलाही वाद नव्हता, मेलेली माणसं माणसंच होती. पण मला आठवत होतं, की त्र्याण्णव साली मुंबईत बॉम्ब फुटले तेव्हा ह्याच बॉसने ह्यांना विचारलं होतं, तुमच्याकडे हे नेहमीचंच असतं ना? आणि आता तो म्हणत होता, की आजपासून जग बदललं. आमच्याकडे झालं ते नेहमीचं, त्यांच्याकडे झालं तेव्हा जग बदललं.

बारावीची परीक्षा झाली. मुलाला अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसह. बॉसने शिफारसपत्र दिलं होतं. राहिला व्हिसा.

आता व्हिसाच्या मुलाखतीची तयारी हा गल्फमधल्या मराठी घरांचा स्वतंत्र विषय. शुक्रवारी अजमानला कुणाकडे जेवायला गेलं, तरी श्रीखंडाच्या वाटीबरोबर सल्ले मिळायचे. ज्यांची मुलं गेली होती त्या बायका इतरांच्या मुलांना समोर बसवून उजळणी घ्यायच्या. घर कुठे? पुण्याला. कोण आहे तिथे? आजी, काका. शिकून काय करणार? परत येणार, काकांच्या धंद्यात पडणार. कोथरूडच्या फ्लॅटचे कागद जवळ ठेवायचे, आजीसोबतचा फोटो ठेवायचा. "शारजा" हा शब्द काढायचा नाही, कारण शारजा म्हणजे घर नसलेला मुलगा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: त्यांच्या देशाची स्तुती करायची नाही. तुला तिथे आवडणार आहे असा नुसता वास जरी आला तरी संपलं. पुन्हा न येण्यासाठी चाललेला माणूस समजून ते परत पाठवतात.

अजमानच्या एका वहिनींनी हे सगळं आमच्या चिरंजीवांना समजावलं. त्याने मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "दॅट्स लायिंग, आई."

"लायिंग नाही, रिवाज आहे. सगळेच असं सांगतात."

"पण मी पुण्यात कधी राहिलोच नाही. काकांचा धंदा काय आहे तेसुद्धा मला माहीत नाही."

"ट्रॅक्टरचे सुटे भाग. पाठ कर."

"आणि त्यांनी विचारलं, तुला तिथे राहायचंय का, तर?"

"नाही म्हण."

"पण मला राहायचंय."

"अरे बाबा, हे सगळ्या देशांना सांगावं लागतं! नियम आहे तो."

"सगळ्या देशांना, येस," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण हे तसे नाहीत ना." मला तिथेच गाडी थांबवावीशी वाटली.

वकिलातीत मी त्याच्याबरोबर गेले, हे बाहेर गाडीत थांबले. काचेपलीकडे एक तरुण अधिकारी बाई होती, आवाज मऊ, केस मागे बांधलेले. कॉलेजबद्दल विचारलं, बापाच्या नोकरीबद्दल विचारलं, सगळी उत्तरं बरोबर. मग तिने विचारलं, "घर कुठे?"

"शारजा," माझा मुलगा म्हणाला.

मी डोळे मिटले.

"पासपोर्ट भारताचा आहे."

"हो. पण मी तिथे कधी राहिलो नाही."

"म्हणजे शिक्षण झाल्यावर तू शारजाला परत येणार?"

"येता येणार नाही. तोवर इथला माझा व्हिसा संपलेला असेल."

"मग तू परत जाणार कुठे?"

मी पुढे होऊन म्हणाले, "पुण्याला, मॅडम, आमचं घर आहे, कागद आणलेत." ती म्हणाली, "प्लीज, त्याला उत्तर देऊ द्या."

आणि मग माझा मुलगा खरं बोलला. हात मागे बांधून, स्पर्धेत उभा राहायचा तसा उभा राहून बोलला. म्हणाला, माझ्यासारख्याला परत जायला जागा नाही, आणि म्हणूनच मी तुमच्या देशात जातोय. कारण तुमचा देश इतरांसारखा नाही. तो मातीवर नाही, विश्वासावर उभा आहे. तिथे माणूस कुठून आला ते विचारत नाहीत, कुठे जायचंय ते विचारतात. ती बाई मघापासून फिरूनफिरून त्याचं घर कुठे तेच विचारत होती, पण हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो बोलत राहिला. त्या वचनाबद्दल, त्या टेकडीबद्दल. शेजारच्या खिडकीवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

तिने सगळं ऐकून घेतलं. चेहरा थोडा हलला, मला शपथेवर सांगता येईल. "फार छान बोललास," ती म्हणाली. मग पासपोर्ट काचेखालून बाहेर सरकवला आणि सांगितलं, की तू परत जाशील याची मला खात्री पटत नाही, म्हणून व्हिसा देता येणार नाही. ती नियमानेच वागली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नियमाबद्दल आहे. एका पोराने त्यांच्या देशावर त्यांच्याहून जास्त विश्वास ठेवला, आणि तोच त्याचा गुन्हा ठरला.

"थँक यू, मॅम," माझा मुलगा म्हणाला.

शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. हे गाडी चालवत होते, मी पुढे, तो मागे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मराठीत आणि हिंदीत, मिळेल त्या भाषेत त्या देशाचा उद्धार करत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तुम्ही सगळे घरं सोडूनच गेलात ना तिथे? तुमचे आजे-पणजे परत गेले का? त्यांना कुणी फ्लॅटचे कागद विचारले होते?

मागून आवाज आला, "आई, स्टॉप. माझीच चूक होती. मी नीट मांडलं नाही. आणखी क्लिअर बोलायला हवं होतं."

दार त्यांनी बंद केलं आणि हा म्हणतो, मी नीट ठोठावलं नाही! एखाद्या देशाला स्वतःबद्दल थोर वाटतं ते एक वेळ समजू शकते मी. पण ज्याला लाथ बसली त्यालाही ती लाथ थोर वाटावी, ही करामत मला सहन झाली नाही. आजही होत नाही.

दोन दिवसांनी बॉस घरी आला, केक घेऊन. खरंच वाईट वाटलं होतं त्याला. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न कर. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही समजून घ्या. एवढं सगळं घडल्यावर आम्हाला काळजी घ्यावीच लागते. जगातल्या प्रत्येकाला आमच्याकडे यायचंय."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. विचारलं, "तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"मुलं लहान होती तेव्हापासून," तो हसून म्हणाला.

"व्हिसा देताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का, की परत कशावरून जाल?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बॉस म्हणाला, "नाही. कशाला विचारतील?"

"तुमच्या घराचे कागद मागितले? आईचा फोटो मागितला?"

"दॅट्स डिफरंट," तो म्हणाला.

"कसं?"

त्याने खरोखर विचार केला. माणूस अप्रामाणिक नव्हता. कपाळाला आठ्या घालून तो उत्तर शोधत राहिला आणि शेवटी म्हणाला, "वेल, इट जस्ट इज." ते वेगळंच आहे, बस्स. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण या एका विचाराचा इतका थोडक्यात सारांश कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला मिळाला नव्हता.

"मग मोदक खायला येता तेव्हा माझ्या मुलाला सांगू नका, तो तुमच्यातला आहे म्हणून," मी म्हणाले. "तुम्ही काहीतरी द्यायचं कबूल केलंत आणि दिलं नाहीत."

बॉस उठला. ह्यांनी त्याला लिफ्टपर्यंत सोडलं. परत आल्यावर म्हणाले, "माझी नोकरी त्याच्या हातात आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. बळी तो कान पिळी. पण निदान कान पिळताना त्याने उपकार करतोय असं म्हणू नये."

मुलगा त्याच्या खोलीतून बाहेर आला आणि माझ्यावर ओरडला. जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, तू त्याचा इन्सल्ट केलास, ही वॉज बीइंग नाइस. पूर्ण आठवडा तो माझ्याशी बोलला नाही. ह्यांची नोकरी मात्र गेली नाही. बॉसने तो विषय पुन्हा काढलाच नाही, आणि पुढच्या गणपतीला तो आला नाही.

मुलाला पुण्याला पाठवलं. तिथेही सुख नव्हतं. जन्म महाराष्ट्रातला नाही, शाळा महाराष्ट्रातली नाही, म्हणून अधिवासाचा दाखला नाही. अनिवासी भारतीयांच्या कोट्यातून कसाबसा एका कॉलेजात घुसवला आणि दिरांकडे ठेवला. दीर रोज जेवताना त्याला सांगायचे, "आपल्यासारखा देश जगात नाही. सगळं ज्ञान इथूनच बाहेर गेलं." फोनवर हे ऐकलं की मला त्यांचाही राग यायचा. हो का, भाऊजी? मग एक दाखला का निघत नाही त्या थोर देशात? सगळ्यांचाच बाब्या! फक्त तुमच्याकडे जहाजं कमी आहेत म्हणून जगाला त्रास होत नाही.

पुढच्या मार्चमध्ये इराकवर बॉम्ब पडायला लागले. इराक म्हणजे आमच्याच आखाताच्या वरच्या टोकाला. टीव्हीवर हिरव्या अंधारात बगदाद दिसायचं आणि खालच्या दुकानातली माणसं शटर अर्धं ओढून आत बघत बसायची. ह्यांनी ऑफिसातून येऊन सांगितलं, बॉस म्हणतो, आम्हाला कुणाची जमीन नको, दुसऱ्या कुठल्याही देशाने दुसऱ्यांसाठी एवढं केलं नसतं. हे सांगताना ह्यांचाही आवाज कधी नव्हे तो चढला होता. इतरांनी दुसऱ्याच्या घरात शिरणं म्हणजे आक्रमण, यांनी शिरणं म्हणजे सेवा. माझ्या वर्गातल्या मुलींनी विचारलं, मॅम, हे अलाउड आहे का? मी काय सांगणार होते? नियम ज्यांनी लिहिले ते नियमाबाहेर उभे, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात आहे?

त्या आठवड्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. मी तयारच होते. म्हटलं, "आता बोल. आता कुठे गेली तुझी टेकडी?" मला वाटलं, तो नेहमीसारखा वाद घालेल, चूक केली तरी ते सुधारतील म्हणेल. तो म्हणाला, "आय डोन्ट नो, आई. मला माहीत नाही." आणि आजीने जेवायला हाक मारली म्हणून फोन ठेवला.

अमेरिकेतल्या कॉलेजने त्याची जागा एक वर्ष राखून ठेवली होती. उन्हाळ्यात मुंबईला पुन्हा मुलाखत होती. मी शारजाहून आले. या वेळी तो म्हणाला, तू आत येऊ नकोस. मी समोरच्या फुटपाथवर उन्हात, इतर आयांच्या घोळक्यात उभी राहिले. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवी. तो लवकर बाहेर आला. रस्ता ओलांडताना चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"मिळाला," तो म्हणाला.

आम्ही कोपऱ्यावरच्या उडप्याकडे जाऊन बसलो. मी दोन कॉफ्या सांगितल्या. मी पेढ्यांचा पुडा आणला होता, तो काढावा की नाही ते मला कळेना, कारण ज्याला व्हिसा मिळाला तो मुलगा मेनूकार्ड वाचत बसला होता.

"काय काय विचारलं?"

"सेम. घर कुठे. मी म्हटलं पुणे. कोण आहे, तर आजी, काका. मग काय करणार, तर परत येऊन काकांचा ट्रॅक्टर पार्ट्सचा बिझनेस. फोटो दाखवला. माय फॅमिली इज एव्हरीथिंग, म्हटलं." मराठी-इंग्रजी मिसळून तो भराभर सांगत होता, जणू कालच्या सामन्याचा स्कोअर. एकदाही अडखळला नाही. "ते म्हणाले, हॅव अ ग्रेट टाइम."

ज्या मुलाला गेल्या वर्षी पुणे हा एक शब्द तोंडातून काढता आला नव्हता, तो आता हे इतक्या सफाईने सांगत होता, की मला माझंच पोर ओळखू येईना. खरं बोलला तेव्हा बाहेर काढला, खोटं बोलला तेव्हा या म्हणाले. अशा प्रकारे माझ्या मुलाला त्या देशाने त्याच्या दारातच पहिला धडा दिला, आणि तो त्याने पाठ केला. इतका संताप मला बगदाद बघतानाही आला नव्हता.

"आणि अमेरिकाच का, असं नाही विचारलं?" मी म्हणाले.

"विचारलं ना. मी म्हटलं, नथिंग स्पेशल. इतर देशांसारखाच एक देश आहे. कॉलेजं चांगली आहेत, दॅट्स ऑल."

"म्हणजे तेही खोटंच."

त्याने कप बशीत ठेवला. "नाही गं आई," तो म्हणाला, आणि या वेळी पूर्ण मराठीत म्हणाला. "तेवढं एक खरं सांगितलं."

दोन वर्षं मी याच एका वाक्यासाठी त्याच्याशी भांडत होते. ते ऐकलं, आणि मला समोरच्या त्या वकिलातीच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. माझं नव्हे, त्यांचं.